पाण्यातला लेसर

कोल्हापूर
सोमवार, ३० सप्टेंबर २०२४

आदरणीय विजयसिंह सर,

दोन्ही गुडघे गेलेत, म्हणून वाकल्यासारखं समजा आणि इथूनच नमस्कार घ्या.

तुमचं पोस्टकार्ड आलं. आमच्या मंडळींनी, राजमतीनं, ते आधी देवासमोर ठेवलं, मग मला दिलं. चौतीस वर्षं झाली, पर्युषण संपलं की दर भाद्रपदात मी तुम्हाला क्षमावाणीचं छापील कार्ड पाठवतोय. ‘जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असल्यास क्षमा असावी.’ आणि चौतीस वर्षांत तुमचं पहिलं उत्तर, तेही एका ओळीचं. ‘कार्ड मिळालं. नेमकी कशाबद्दल क्षमा?’

सर, असं विचारायचं नसतं हो! छापील कार्ड असतं ते. आम्ही दरवर्षी दोनशे पाठवतो. दाताच्या डॉक्टरला जातं, गॅसवाल्याला जातं, व्याह्यांना तर दोन जातात. आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही की बाबा, नेमकं काय केलंस. समोरचा ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, पेढा तोंडात टाकतो आणि विषय मिटतो.

पण तुम्ही विचारलंय, तर सांगतो. १९८८ साली तुमच्या डब्यातली पुरणपोळी मी खाल्ली, तुम्ही मांजराला शिव्या घातल्यात. तुमच्या लुनाची हवा दोनदा मी सोडली, कारण त्या दोन्ही दिवशी तुम्ही मला पोरांसमोर ‘गाढवा’ म्हणाला होतात. आणि लेसरच्या ग्रेटिंगवर, त्या बारीक रेघांच्या आरशावर, जो बोटाचा ठसा उमटला होता, ज्यावरून तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत, ते बोट माझं. झालं का समाधान?

लेसर पेटला नाही त्या दिवसाचं म्हणत असाल, तर त्यात माझं काय? त्यातलं स्पिरिट लॅबमधला शिपाई आकाराम प्याला हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. कमिटीसमोर त्याच्याकडं बोट तर तुम्हीच दाखवलंत.

मुद्द्याचं लिहितो. आपल्या फिजिक्सला आता निशिगंधा मॅडम आल्यात. वयानं लहान, पण नजर कस्टमवाल्याची. मला रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी जुन्या सामानाची माहिती लागली की मलाच बोलावतात. त्यांना स्टोअरमध्ये आपला डाय लेसर सापडला. नायट्रोजनचा टकटक करणारा पत्र्याचा खोका, मधली काचेची डबी, मागची ग्रेटिंग, सगळं जागच्या जागी. मला म्हणाल्या, ‘मगदूम काका, हा तुम्ही १९९० साली केलात? कोल्हापुरात?’ माझी छाती फुगली. मी सांगितलं, ‘या डबीत गुलाबी रंग अल्कोहोलात कालवून भरायचा. खोक्यातला न दिसणारा उजेड त्यावर मारला की रंगच पेटून उठतो, लेसर होतो. आणि बाकीचे लेसर एकाच रंगाचे, जन्मभर. आमचा तसा नाही. ही ग्रेटिंग केसभर फिरवली की पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा लाल. रेडिओचं स्टेशन लावावं तसा पाहिजे तो रंग लावायचा.’ हे सगळं तुमचंच बोलणं, मी फक्त पाठ केलेलं.

त्यांना तो २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला चालवून दाखवायचाय. आरशांचे कोन, रंगाचं प्रमाण, सगळं तुमच्या निळ्या वहीत आहे. तेवढी वही द्या. तुम्ही फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवता, म्हणून हे पत्र. कोल्हापूर ते हातकणंगले पंचवीस किलोमीटर आणि पोस्टाला लागले सहा दिवस!

तुमचा (मानत असाल तर)
आप्पासो मगदूम

---

कोल्हापूर
गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

पोस्टकार्ड मिळालं. दोनच शब्द. ‘अजून नाही.’ सर, पोस्टकार्डाला एवढी जागा असते, ती काय शोभेला?

बरं, विचार केला. त्या दिवशी हवेत उष्मा फार होता. स्पिरिट उडून गेलं असेल. किंवा बाटलीला तडा असेल. शास्त्रात शंभर कारणं असतात, आणि प्रत्येक कारणाला आप्पासोच पाहिजे का?

इकडं दुसरीच भानगड झालीय. निशिगंधा मॅडमनी जुनी काचेची डबी उजेडात धरली आणि विचारलं, ‘काका, आतून हा पांढरा थर कसला?’ मी म्हटलं, ‘जुनी झालीय.’ त्यांनी थेंबभर ॲसिड टाकलं. थर फसफसला. ‘क्षार आहेत. हे विहिरीचं पाणी आहे. अल्कोहोलाचा थर धरत नाही.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मॅडम, कोल्हापूरचं अल्कोहोलपण जड असतंय.’ त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं. तुमचीच सवय.

मी घरी येऊन राजमतीवर विनाकारण ओरडलो. ती म्हणाली, ‘ज्याच्यावर ओरडायचंय त्याच्यावर ओरडा की.’ आता आरशावर कसं ओरडायचं?

वही पाठवा. मॅडम रोज विचारतात.

आप्पासो

---

कोल्हापूर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

सर,

या वेळी तुमचं कार्डसुद्धा आलं नाही. तरी लिहितोय, कारण शुक्रवारपासून झोप नाही.

माझी नात आदिती, अकरा वर्षांची. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून लालभडक चट्टा. शाळेत पोरं विचारतात, ‘होळी खेळून आलीस का?’ तिला राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडं नेतोय. शुक्रवारी पाचवी खेप. आत नेतात, डोळ्यांवर चष्मा घालतात, आणि एक मशीन टप्-टप् करतं. मी बाहेर बाकावर. दाराखालच्या फटीतून उजेड दिसला. पिवळा. सर, तोच पिवळा! तुम्ही फळ्यावर ज्याच्यासाठी तास-तास घालवायचात, तो.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, ‘यात काय असतंय?’ त्या म्हणाल्या, ‘आजोबा, याला डाय लेसर म्हणतात. आत रंगाचं द्रावण असतं. रक्ताला नेमका लागेल आणि कातडीला सोडून देईल असा पिवळा रंग त्यातून लावून घेता येतो. रंग थकला की नवीन भरायचा.’ मी म्हटलं, ‘मला म्हाईत हाय.’ त्यांना वाटलं म्हातारा बडबडतोय.

तुम्ही सांगायचात ना, या उजेडानं जन्मखुणा पुसतील, मुतखडा फुटेल, हवेतलं विष मोजता येईल. आम्ही मागं हसायचो. आकारामनं एकदा विचारलं होतं, ‘सर, च्याचा डाग जाईल का वो?’ आदितीचा चट्टा निम्मा फिका झालाय. आरशात बघून पोरगी खिदळली, आणि मी तिथंच बाकावर बसून रडलो. लोकांना वाटलं बिल बघून रडतोय.

आता ऐका. सगळं लिहितो, मधे थांबलो तर परत होणार नाही.

त्या वर्षी चातुर्मासात मुनिमहाराजांचा मुक्काम आमच्या गल्लीतच होता. देवळात, आमच्या बस्तीत, सगळेजण काही ना काही त्याग करत होते. कुणी बटाटा सोडला, कुणी गोड सोडलं. राजमती माझ्या मागं लागली, ‘तुम्हीपण काहीतरी सोडा.’ मला काहीच सोडवेना. मग डोकं चाललं. जन्मात दारू प्यालो नव्हतो. उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, ‘चार महिने मद्याला स्पर्श करणार नाही.’ फुकटचं पुण्य! महाराज हसले. त्यांना कळलं असणार.

सोमवारी लॅबमध्ये आलो, तर तुम्ही म्हणालात, ‘आप्पासो, उद्या ग्रँटची कमिटी येतेय. लिटरभर अल्कोहोल घे आणि रंग कालव.’

सर, अल्कोहोल म्हणजे मद्यच की! तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात आणि स्टाफरूमपर्यंत गोष्ट गेली असती. आणि नेम मोडला तर राजमतीला तोंड कुठलं दाखवायचं? तिला पाचवा महिना होता. मी पाणी घेतलं. विहिरीचं. दुहेरी फडक्यातून दोनदा गाळून घेतलं, त्यात हयगय केली नाही. रंग टाकला. तसाच गुलाबी, तसाच झळझळीत. म्हटलं, रंगाला काय कळतंय पाण्यात हाय का दारूत?

रंगाला कळलं. खोका टकटकत राहिला आणि भिंतीवर काही म्हणजे काही उमटलं नाही. कमिटीतल्या त्या टकल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. तुम्ही डबी उघडून नाकाला लावलीत, आणि ओरडलात, ‘याला वासच नाही! स्पिरिट कुठं गेलं?’ आकाराम कोपऱ्यात फरशी पुसत होता. आदल्या रात्री भाच्याच्या जावळाला गेलता, तोंडाला वास होता. तुम्ही बोट दाखवलंत, ‘हा प्याला!’ तो म्हणाला, ‘मी न्हाय, सर.’ सगळे हसले. तुम्ही माझ्याकडं बघून विचारलंत, ‘आप्पासो, तू सांग.’ आणि मी खाली बघितलं.

एवढंच. मी खाली बघितलं.

भरलेली बाटली खालच्या कपाटात होती. संध्याकाळी ती चिमट्यानं धरून, कारण हात लावायचा नाही, मागच्या गुलमोहराच्या बुडात ओतली. नेम पाळला, सर. चार महिने पुरे पाळला. तुमचं संशोधन बुडालं, तुम्ही कॉलेज सोडलंत, आकारामला लॅबमधून काढून गेटावर बसवलं. तो रिटायर होईपर्यंत पोरं त्याला ‘लेसर’ म्हणून हाक मारत होती. ‘ए लेसर, आज किती चढली?’ आणि मी दर भाद्रपदात छापील कार्ड टाकत होतो.

कार्डं आता परत द्या. फाडून टाकतो.

आप्पासो

---

कोल्हापूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

सर,

तुम्ही लिहिलंत, ‘मला सांगून काय उपयोग? आकारामकडं जाऊन ये. मग वही.’ वाचून आधी राग आला. सहा पानं लिहून हात दुखला तो माझा, आणि तुम्ही परीक्षा घेतल्यासारखं पुढचा प्रश्न घालताय. पण गेलो. कालच मुरगूडला जाऊन आलो.

आकाराम म्हशीच्या पाठीला खरारा करत होता. वर बघून म्हणाला, ‘या पावणं, कुठलं गाव?’ ओळखलंच नाही. मी म्हटलं, ‘आकाराम, मी आप्पासो. लॅबमधला.’ खरारा तसाच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, ‘मास्तर! केवढं वाळलायसा वो!’

मी पाठ करून गेलतो. ‘जाणते-अजाणतेपणी’ एवढंच तोंडात आलं आणि पुढचं अडकलं. मग सरळ सांगितलं. पाणी मी घातलं, बाटली मी ओतली, तोंड मी मिटलं.

तो म्हणाला, ‘मला म्हाईत हुतं की.’

सर, मी खालीच बसलो. तो म्हशीला थोपटत सांगायला लागला, ‘त्या दिवशी सांच्याला तुमी चिमट्यात बाटली धरून गुलमोहराकडं निघालतासा. मी संडासाच्या भिंतीमागं हुतो. मला वाटलं, मास्तरला याड लागलं. मग वास आला, तवा कळलं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुमी टेम्परवारी हुतासा. मी पर्मनंट. मला लई तर गेटावर बसवत्यात, तुमाला घरी बसवलं असतं. वैनी पोटुशी हुत्या. आनि मी पीतच हुतो की मास्तर, अगदीच खोटं न्हवतं ते.’

असं म्हणून हसला. मला हसू आलं नाही. एवढ्यात आतून बनाबाई आली. आकारामची बायको. तिनं सगळं ऐकलं होतं. सर, तुम्ही खूप रागावायचात, पण तुमचं रागावणं म्हणजे तिच्यापुढं अंगाई. म्हणाली, ‘ह्यो हसतोय, मी न्हाय हसत! माझ्या थोरलीचं ठरलेलं लगीन मोडलं. पोराकडच्यांनी इचारलं, बाप कालेजातला लेसर पितो म्हणं. काय सांगायचं आमी? आजून बाजारात गेलं की म्हणत्यात, लेसरची बायकू आली.’

मी हात जोडले. म्हटलं, ‘वहिनी, क्षमा करा.’

ती म्हणाली, ‘गोठ्यात कशाला मागताय? हितं म्हशीबिगर कोन हाय? नाव चार लोकांत घालवलंसा, तर चार लोकांत मागा.’

मी परत येताना एसटीत विचार करत होतो. पुढच्या महिन्यात विज्ञान दिन. सगळं कॉलेज, पालक, बस्तीतले लोकसुद्धा येणार, कारण पाहुण्यांत माझं नाव आहे. मॅडमनी छापलंय, ‘ज्येष्ठ तंत्रज्ञ, मान्यवर’. बस्तीत मी पंचमंडळात आहे हो सर. लोक माझ्याकडं भांडणं सोडवायला येतात. सगळ्यांसमोर सांगायचं की हा मान्यवर चिमट्यानं दारू ओतत होता?

बनाबाईला सांगून आलोय, की सांगतो. तुम्हीपण या. बोट तुमचं होतं.

वही मात्र आता द्यावी लागेल. तुमची अट मी पुरी केली.

आप्पासो

---

कोल्हापूर
शनिवार, १ मार्च २०२५

सर,

वही वेळेवर मिळाली. तुम्ही मात्र आला नाहीत. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती, शेवटी तिच्यावर कुणीतरी टिफिन ठेवला.

आधी लेसरचं सांगतो, तुमचा जीव त्यात अडकलाय हे मला ठाऊक आहे. तुमच्या वेळेला साखर कारखान्यातून अल्कोहोलाचा कॅन यायचा. आता परवानगीचे कागद एवढे, की मॅडम वैतागून म्हणाल्या, ‘काका, पाण्यातच करू.’ मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाही. त्या म्हणाल्या, ‘पाण्यात रंगाचे कण एकमेकांना चिकटून जोडी-जोडीनं बसतात, म्हणून उजेड देत नाहीत.’ मी म्हटलं, ‘कॉलेजच्या कट्ट्यावर बघतो की रोज.’ या वेळी हसल्या. ‘त्यांना सुटं करायला साबण घालायचा. चमचाभर.’ आणि घरून आणलेलं भांडी घासायचं लिक्विड टाकलं. सर, चमचाभर साबण! एवढ्यानं माझा नेमही राहिला असता आणि तुमचं संशोधनही. दोन दिवस मला साबणाच्या वडीकडं बघवत नव्हतं.

आता माझं. समोर तीनशे माणसं. दुसऱ्या रांगेत बस्तीचे अध्यक्ष. कडेला आकाराम, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेजारी बनाबाई. मी उभा राहिलो. म्हटलं, आता गुडघ्यांचं निमित्त सांगून बसावं. पण सुरुवात केली. पाणी, नेम, बाटली, चिमटा, सगळं. चिमट्याला पोरं हसली. मला राग आला. ओरडलो, ‘हसता काय रे? यात एका माणसाची चौतीस वर्षं गेली!’ मग म्हणालो, ‘आकाराम पोवार यांनी स्पिरिट घेतलं नव्हतं. मी त्यांना खोटं पाडलं. मी त्यांची क्षमा मागतो.’

घाम पुसतोय, तोवर बनाबाई उठून उभी राहिली. ‘मास्तर, माईक बंद हाय. मागच्यांना कळलं न्हाय. परत सांगा.’

परत सांगितलं, सर. पहिल्यापासून. चिमट्यासकट. या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी तर डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

मग दिवे बंद केले. खोका टकटकायला लागला. मॅडमनी आरसा जरा हलवला, आणि भिंतीवर पिवळा ठिपका उमटला. असा स्वच्छ, की मागून कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. मी आकारामचा हात धरून ग्रेटिंगच्या स्क्रूवर ठेवला. त्यानं हळू फिरवला. पिवळ्याचा नारिंगी झाला. नारिंगीचा लाल. परत मागं फिरवला, परत पिवळा. तो बघत राहिला. मग मोठ्यानं म्हणाला, ‘एवढ्यासाठनं मला गेटावर बसवलं व्हय?’

सगळा हॉल हसला, आणि तोही. पण स्क्रू काही सोडेना. पोरांची रांग लागली होती, ती तशीच. प्राचार्य म्हणाले, ‘काका, आता मुलांना बघू दे.’ तो म्हणाला, ‘चौतीस वर्सं थांबलोय, ह्यास्नी जरा थांबू दे की.’ मला इतकं बरं वाटलं, सर, की खरंच सांगतो, एवढं बरं मला आदितीच्या जन्मालासुद्धा वाटलं नव्हतं.

बनाबाईनं मला पेढा दिला. ‘उत्तम क्षमा’ वगैरे काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, ‘झालं तुमचं.’ मी जायला वळलो, तर तिनं विचारलं, ‘आनि ते बोट दावणारं सर कुठं असत्यात?’

सर, खोटं बोलायची माझी हिंमत आता संपलीय. मी पत्ता सांगितला. तिनं तो निशिगंधा मॅडमकडून कागदावर लिहून घेतला, पदराच्या गाठीत बांधला.

मंगळवारी सकाळी ती हातकणंगल्याला येतेय. मुरगूडची चार माणसं बरोबर आणते म्हणाली. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय, म्हणजे सोमवारी तुमच्या हातात पडेल. पळून जाऊ नका. जायचंच झालं, तर सोमवारीच मुरगूडला जा.

आप्पासो